दुरुस्तीसाठी बंद

आमच्या विज्ञान संग्रहालयात जवळजवळ प्रत्येक वस्तूला एक बटण आहे. दाबलं की पृथ्वी फिरते, ज्वालामुखी धुमसतो, डायनासोर मान वळवतो. त्यामुळे मी सांभाळते त्या कासवाच्या काचपेटीपाशी आलेली माणसंही आधी बटणच शोधतात. सापडलं नाही की मला विचारतात, "ताई, हे चालू कसं करायचं?"

"ते जिवंत आहे," मी सांगते. "झोपलंय."

"मग उठवा की. लांबून आलोय आम्ही."

बारा वर्षं मी त्याला उठवत आले. उचललं की ते हवेतच पाय मारतं, मुलं हसतात, मी त्याला परत खाली ठेवते. काल दुपारी चौथ्या शाळेची रांग आत येताना दिसली आणि माझा हातच उचलेना. बंद पडलेल्या यंत्रांवर आम्ही लावतो ती 'दुरुस्तीसाठी बंद'ची पाटी मी काचेवर लावली आणि शेजारच्या स्टुलावर टेकले.

कोणी कुरकुर केली नाही. झोपलेल्याला लोक झोपू देत नाहीत, बिघडलेल्याला मात्र मुकाट्यानं सोडून पुढे जातात. घरी तरी काय वेगळं आहे? ताप चढल्याशिवाय मला कोण पडू देतं?

संध्याकाळी एक आजोबा नातीला घेऊन आले. त्यांनी पाटी वाचली, कासवाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चल बाळा," ते हळूच म्हणाले, "दोघांनाही पडू दे जरा."

संग्रहालय बंद व्हायची, पाटी काढायची वेळ झाली होती. मी उठले नाही.