लग्नातले आगंतुक मामा

नाशिकमध्ये निर्लज्जपणाची स्पर्धा भरली, तर पहिला नंबर आमच्या केस मॅनेजरचा येईल आणि बक्षीस घ्यायला ते कोणी न बोलावताच जाऊन बसलेले असतील. व्यसनमुक्ती केंद्रातून मी बाहेर पडलो, तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, समुपदेशक बाईंनी उपदेश दिला आणि केंद्राने हे गृहस्थ दिले. गोळ्या तीन महिन्यांत संपल्या, उपदेश त्याहून लवकर संपला. हे काही संपेनात.

त्यांचं नेमकं काम काय, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. दर आठवड्याला सिडकोतल्या आमच्या घरी यायचे, बायकोने केलेले पोहे खायचे, शेंगदाणे कमी पडलेत असं वर तिलाच सुनवायचे आणि एका फुगलेल्या फाइलमध्ये काहीतरी खरडायचे. सातपूरची कंपनी मला परत घेईना, तेव्हा हे सुपरवायझरच्या केबिनबाहेर पाच दिवस डबा घेऊन बसले. शेवटी सुपरवायझर मला म्हणाला, “तू ये बाबा कामावर, पण यांना घेऊन जा!” कंपनीतून घरी येताना वाटेत दारूचं दुकान लागतं, म्हणून यांनी मला नवा रस्ता आखून दिला. तो इतका लांबचा, की घरी पोहोचेपर्यंत भाजी गार. तक्रार केली तर म्हणाले, “भाजी गरम करता येते.” एवढा शिकलेला माणूस आणि अक्कल ही!

कहर झाला तो देवळ्याला, माझ्या मावसभावाच्या लग्नात. “मीही येतो,” म्हणाले. तुम्हाला बोलावलंय कोणी? “तू जातोयस ना!” मी हात जोडले, की केंद्राचं नाव तिथे काढू नका, नातेवाइकांना मला कावीळ झाली होती असंच सांगितलंय. त्यांनी शब्द दिला. मिरवणुकीत माझ्या शेजारी ते असे काही नाचले, की बँडवाल्यांचा ठेका चुकला. मुलीकडच्या एका म्हाताऱ्याने यांच्याकडे बोट दाखवून मला अहिराणीत विचारलं, “हाऊ नवरदेवना मामा शे का?” खरं सांगावं तर माझं बिंग फुटणार. साहेबांनी गंभीरपणे मान डोलावली. झालं! भर मांडवात मामाची टॉवेल-टोपी यांना मिळाली आणि खरा मामा रुसून बसला.

सगळे त्याची समजूत काढत होते, तेवढ्यात भावांनी मला मांडवामागे नेलं. वर्षभरात पहिल्यांदाच माझ्या हातात भरलेला ग्लास आला. खोटं कशाला सांगू, तोंडाला लावणारच होतो. बघतो तर समोर टोपी घालून साहेब! मी खेकसलो, “या, हिसकावून घ्या!”

“हात तुझा आहे. मी पावणेपाचच्या एसटीने निघतोय. येतोस?” एवढं बोलून ते चालू लागले. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मला इतका संताप आला, की ग्लास तिथेच ठेवून त्यांना दोन शिव्या हासडायला मी धावलो. स्टँडवर गाठलं, तेव्हा शेजारच्या सीटवर ती टोपी टाकून त्यांनी माझी जागा धरून ठेवली होती. शिव्या द्यायच्या राहिल्या.

गेल्या महिन्यात त्यांनी माझी केस बंद केली. कागदावर सही घेतली आणि निघाले. सुटलो एकदाचा, असं म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. म्हटलं, “येत जा अधूनमधून.”

“कसलं जमतंय रे! पंचवटीत एक नवा मिळालाय. दोनदा दारातून हाकललंय त्याने मला.” सांगताना चेहरा नुसता खुलला होता.

ते जिना उतरून गेले. मी बराच वेळ दारातच उभा होतो. पंचवटीतल्या त्या दारुड्याचा मला चक्क हेवा वाटला.