कुलूपवाले

लाकडी स्टूल उचलून ते आपल्या टेबलाशेजारी येऊन बसले, की समजावं, आज दिवसभर सुटका नाही. "तुम्ही काम करा. मी नुसता बघतो," एवढं म्हणायचे आणि खरंच नुसते बघायचे. शेजारी बसून कुणी बघत असलं की साधी सही करतानाही हात कसा अडखळतो, हे तुम्हाला सांगायला नको.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला आमच्या सातपूरच्या पंपांच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला. मी तेव्हा माल तपासणीत नवीनच लागले होते, अजून प्रोबेशनवर. मुंबईहून तयार पॅकेज आणलं होतं. स्टोअर्स, खरेदी, उत्पादन, पगार असे त्याचे सुटे भाग. ते आमच्या कामाच्या मापाने बसवून घ्यायचे आणि कुणाला कोणता भाग उघडू द्यायचा ते ठरवायचं, हे या स्टूलवाल्या गृहस्थांचं काम. म्हणून सगळा कारखाना त्यांना पाठीमागे 'कुलूपवाले' म्हणायचा. त्यांना ते ठाऊक होतं, पण कधी रागावले नाहीत.

स्टोअरचे भाऊ सायखेड्याचे. ते म्हणाले, "साहेब, मला लय बटणं नका देऊ. माल आला, माल गेला, बास." कुलूपवाल्यांनी भाऊंच्या स्क्रीनवर खरोखर दोनच ओळी ठेवल्या. भाऊ महिनाभर ज्याला त्याला बोलावून त्या हिरव्या दोन ओळी दाखवत होते.

माझी पंचाईत वेगळी होती. त्या पॅकेजमध्ये तपासणी नावाची पायरीच नव्हती. फाटकातून आलेला माल थेट शॉपवर, यंत्रांकडे. कागदावर माझी सही लागायची, ती आता लागणार नव्हती, आणि मॅनेजरसाहेबांना तेच हवं होतं. मला टायपिंगला बसवायचं घाटत होतं. मग एक दिवस स्टूल माझ्याकडे आलं. मी पंपाचं एकेक कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, हातोडीनं वाजवून बघते, आवाज बद्द आला की परत पाठवते, हे त्यांनी संध्याकाळपर्यंत पाहिलं. आठवड्याभरात त्यांनी पॅकेजमध्ये माझ्यासाठी पायरी घातली. मी पास केल्याशिवाय माल पुढे सरकेना.

मॅनेजरसाहेब म्हणाले, "तो अधिकार मलाही द्या."

"तुम्हाला दिसेल सगळं, साहेब. पास मात्र त्या करतील."

साहेबांनी ते मनात ठेवलं.

पासवर्डच्या बाबतीत तर कुलूपवाल्यांचं सोवळं फार कडक. "आईला सांगू नका, मैत्रिणीला सांगू नका, मला तर मुळीच सांगू नका." ते स्वतःही कुणाचा लिहून ठेवत नसत, आणि याचा त्यांना मोठा अभिमान होता.

खंडेनवमीला कारखान्यात जो तो आपल्या हत्याराची पूजा करतो. टर्नर लेथची, फिटर पान्यांची. मी हातोडी मांडली, व्हर्नियर मांडला, आणि मनात आलं, आता आपलं खरं हत्यार पासवर्डच की. तो चिठ्ठीवर लिहिला, हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूच्या फुलांखाली ठेवला. यात काही चुकतंय, असं मला वाटलंच नाही.

दसऱ्याची सुट्टी संपवून आले, तर मी रिजेक्ट करून बाजूला काढलेला सगळा लॉट शॉपवर जाऊन लेथवर चढलेला. आतून पोकळ्याच पोकळ्या. कॉम्प्युटरमध्ये पास करणाऱ्याचं नाव माझं. चिठ्ठी कुणी वाचली, ते आजतागायत कळलं नाही. पासवर्ड बाहेर गेला तर नोकरी जाणार, हा नियम भिंतीवरच लावलेला होता, आणि माझ्या पगारावर घर चाललं होतं. साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं.

केबिनच्या दाराशी कुलूपवाल्यांनी कुंकू लागलेली ती चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. "फुलं काढताना सापडली," एवढंच बोलले. आत गेल्यावर म्हणाले, "साहेब, पासवर्डांची यादी मी माझ्या खणात ठेवली होती. तिथून गेला. बाईंचा दोष नाही."

अशी यादी त्यांनी कधी केलीच नव्हती. मी चिठ्ठी मुठीत धरून शेजारी उभी होते. तोंड उघडायला हवं होतं, पण उघडलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

त्यांना महिनाअखेरीस जायला सांगितलं. शेवटच्या दिवशी मी म्हणाले, "मी साहेबांना खरं सांगून टाकते."

"सांगितलंत तर तुमच्याबरोबर ती पायरीही काढतील. मग माल कोण बघणार? तुम्ही नवा पासवर्ड घाला. झालं की हाक मारा."

आणि ते उठून बाहेर गेले. काचेच्या दारापलीकडे, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. पासवर्ड घालून केव्हाच झाला होता. हाक मारली की ते आत येणार, पिशवी उचलणार आणि जाणार. मी तशीच कीबोर्डवर बोटं ठेवून बसून राहिले. ते पाठमोरे थांबले होते. त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही.