तिच्या डोळ्यांना चालणारे रंग

नांदुऱ्यात स्टेशनकडून बाजारात येताना माझं डिझाइनचं दुकान लागतं. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, कृषी केंद्रांचे बोर्ड ही रोजची कामं. 'लाल अजून लाल करा' हे ऐकायची सवय झालेली. म्हणून एक बाई येऊन रंग कमी करा म्हणाल्या, तेव्हा मी कॉम्प्युटरवरून मान वर केली.

त्या शिक्षिका होत्या. त्यांची लहान मुलगी बोलत नव्हती. पाणी, जेवण, झोप अशी चित्रांची कार्डं दाखवून तिच्याशी बोला, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. विकत आणलेली चकचकीत कार्डं त्यांनी टेबलावर ठेवली.

"पोरगी हे पाह्यतच नाही. सारे उलटे करून ठेवते."

"काऊन?"

"डोयाले झोंबतात तिच्या. उजेडही सहन होत नाही तिले."

मी सगळे रंग फिकट करून कार्डं दिली. ती मुलीनं उलटी केली नाहीत, पण हातातही घेतली नाहीत. पांढऱ्यावर पाण्याचा गिलास दिसतच नव्हता. रंग शांत करायच्या नादात मी चित्रच पुसून टाकलं होतं.

मग रविवारी मी रंगांच्या पट्ट्या घेऊन त्यांच्या घरी गेले. फरशीवर पसरल्या आणि बाजूला सरकून बसले. मुलगी बराच वेळ दाराआडून बघत होती. मग आली. पिवळीधमक पट्टी तिनं पलंगाखाली सरकवली, केशरीही. राखाडी झाक असलेला निळा मात्र उचलून गालाला लावला. वाळत्या तुरीच्या पाल्यासारखा हिरवा आणि विटकरी तिनं त्याच्या शेजारी ठेवले.

तेवढे तीन रंग घेऊन मी नव्यानं बसले. मागे ज्वारीच्या पिठासारखा मळकट पांढरा, त्यावर गडद निळा गिलास. रंग मवाळ, पण कडा स्पष्ट. चकाकी नसलेलं लॅमिनेशन अकोल्याहून मागवलं.

गल्ल्यावर बसलेल्या माझ्या बाबांनी प्रिंट उचलून पाहिली. "शाई सरली काय वं मशीनची?"

"नाही बाबा, असंच पाह्यजे."

बाई नवी कार्डं घेऊन गेल्या, पण काही आठवडे निरोप आला नाही. एकदा फोन करावासा वाटला, पण धीर झाला नाही. मग एका दुपारी बाई स्वतःच आल्या. उन्हातून चालत आल्या होत्या, पण बसेनात.

"काल मी भाकरी थापून राह्यली होती. पोरगी आली, पाण्याचं कार्ड माह्या पिठाच्या हातात देल्लं."

"मंग?"

"मंग काय, पाणी देल्लं! घटाघटा प्याली अन् पुन्हा तेच कार्ड घेऊन आली." त्या हसत होत्या, डोळे पुसत होत्या. "तहान नव्हती तिले. पुन्हा पाणी भेटते का, ते पाहून राह्यली होती!"

बाबा उठले आणि त्यांनी खुर्ची बाईंकडे सरकवली. आता त्यांना झोक्याचं कार्ड हवं होतं, मावशीचं आणि 'नको'चंही.

"'नको'चं आधी करा," त्या म्हणाल्या. "लय दिवसाचं सांगाचं असंन तिले."