नानांचा गाजराचा वाफा

पाथरीला मी ज्या घरात भाड्यानं राहायला गेले, त्या घराचे मालक पहिल्यांदा दिसले ते परसात उकिडवे बसून जमिनीत बोट खुपसताना. उजव्या हाताची तर्जनी, थेट दुसऱ्या पेरापर्यंत. मग बोट बाहेर काढून त्यांनी अंगठ्यावर घासलं, क्षणभर विचार केला आणि शेजारची भरलेली झारी तशीच ठेवून उठले. माझं सामान अजून टांग्यातच होतं. पण मी पडले विज्ञानाची शिक्षिका, मला कुठलं राहवतंय?

"काय बघताय?"

"इचारायलोय," ते म्हणाले. "तहान लागली का म्हणून. न्हाई म्हणती."

हे आमचे नाना. मूळचे पेडगावचे, तहसील कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले. शिक्षण सगळं निजामाच्या काळात उर्दूतून झालेलं, त्यामुळे गाजराबद्दल बोलतानाही त्यांच्या तोंडी कचेरीतले उर्दू शब्द यायचे. पत्नी वारलेल्या, मुलगा औरंगाबादला नोकरीला. घरात एकटे नाना आणि परसात चार हात लांबीचा वाफा. गल्लीत बाकीचे लोक मेथी लावत, वांगी लावत. आमच्या काळ्या मातीत गाजर लावायचं म्हणजे निव्वळ हट्ट. ही माती ओली असली की चिकटते आणि वाळली की दगड होते. नाना गोदावरीची वाळू आणवून तीत मिसळायचे. बी दसऱ्याला टाकायचं आणि गाजरं संक्रांतीला काढायची, हा त्यांचा नेम. गल्लीतल्या प्रत्येक घरच्या सुगडात नानांचंच गाजर असे.

पाणी देण्याचं त्यांचं शास्त्र मला आधी विक्षिप्त वाटलं. बी टाकल्यावर पंधरा दिवस वाफ्यावर ओलं तरट पांघरलेलं असायचं आणि सकाळ-संध्याकाळ त्यावर हलक्या हातानं झारी फिरायची. कोंब दिसले की तरट निघायचं. रोपं बोटभर झाली की नानांचा सगळा मायाळूपणा एकाएकी संपायचा. चार-चार, पाच-पाच दिवस पाणी बंद! पानं मलूल दिसली तरी ते ढिम्म हलत नसत.

"अहो, मरतील ती," मी म्हणायचे.

"मरत न्हाईत. आता त्यांना सबर शिकवायचा. रोज वरवर शिपडलं की मूळ वरच लोळतंय, खाली जायची तसदीच घेत न्हाई. पाणी खोल हाय हे त्याला कळू द्या की."

आणि देत तेव्हा पोटभर देत. झारीवर झारी, सावकाश, वाफा पिऊन तृप्त होईपर्यंत.

मला हे पडताळून पाहायचं होतं. पहिल्याच वर्षी मी शेजारी हातभर जागा मागून घेतली आणि मुद्दाम रोज थोडंथोडं पाणी शिंपडलं. संक्रांतीला उपटलं तर अंगठ्याएवढी गाजरं निघाली, त्यांना चहूबाजूंनी तंतू. नानांनी एक हातात घेऊन चाचपलं आणि म्हणाले, "बाई, ह्याला तर दाढी आलीय! शाळेत घाला आता." आठवडाभर हा विनोद सगळ्या गल्लीत फिरला.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद झाला. एसटी उभ्या, बाजार बंद, शाळेला कुलूप. चार दिवस मी घरात बसून होते आणि खिडकीतून नानांचं खुरपणं बघत होते. वाफ्यात गाजरगवत उगवलं होतं. त्याचं कोवळं रोप अगदी गाजरासारखंच दिसतं, पण नानांची नजर त्यात चुकणं शक्य नव्हतं. नाना एकेक रोप चिमटीत धरून उपटत होते. मी सहज ढिगाकडे पाहिलं. उपटलेल्या ढिगात निम्मी गाजरं होती. वाफ्यात गाजरगवत डौलात उभं होतं.

मग मला एकेक आठवायला लागलं. पेपर ते माझ्याकडून वाचून घेत, चष्म्याचा नंबर बदलायचाय म्हणून. भिंतीला हात लावल्याशिवाय ते अंगणात उतरत नसत. वर्षभर सूक्ष्मदर्शक हातात घेऊन पोरांना निरीक्षण शिकवणाऱ्या मला समोरच्या माणसाला दिसत नाही हे दिसलं नव्हतं. लाज वाटली.

मुलगा दर खेपेला म्हणायचा, "नाना, एकटे राहू नका, औरंगाबादला चला." तिथं तिसऱ्या मजल्यावर घर होतं. मातीचा पत्ता नाही. डोळ्यांचं कळलं असतं तर त्यानं एक दिवसही थांबू दिलं नसतं. म्हणून मी गप्प राहिले. रोज पहाटे, नाना उठायच्या आधी, गुपचूप गवत काढू लागले. उपटून टाकलेल्यांपैकी चार रोपं परत लावून पाहिली, ती काही जगली नाहीत.

दहाव्या दिवशी नानांनी चहा प्यायला बोलावलं.

"वाफ्याची माती भुसभुशीत लागायली. कोण हात लावतंय?"

मी खाली मान घालून सगळं सांगितलं.

"वासानंसुद्धा ओळखू आलं नाही का हो?" शेवटी मी विचारलंच. खोड जाते कुठे?

"जनमभर तपकीर ओढली, नाक कवाच गेलंय." "मला दिसत न्हाई हे तुमाला कळलं, बाई. मंग माझ्याशी बोलायचं सोडून तुमी गवताशी बोलत बसल्या?"

मला रडूच आलं. मी मदत केली असं मानत होते. खरं तर मीही त्यांना न विचारता त्यांच्याबद्दल ठरवूनच टाकलं होतं.

संक्रांतीला मुलगा आला. परसात गाजरं काढत असताना त्यानं हळूच मला विचारलं, "खरं सांगा बाई, नानांना दिसतं का?" तेवढ्यात नाना वाफ्यातून म्हणाले, "त्यांना कशाला हैराण करतोस? मला इचार. न्हाई दिसत. दोन सालं झाली." आणि एक लांब, सरळ गाजर झटकून त्याच्या हातात दिलं.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, आता इलाज नाही म्हणाले. महिन्याभरात नाना औरंगाबादला गेले. मीच त्यांना एसटीत बसवलं. खिडकीतून माझा हात धरून ते म्हणाले, "वाफा तुमच्या हवाली. लिहीत जा. पण माझं मन राखायला खोटं लिहू नका."

पुढच्या वर्षी माझ्या हातून घोटाळा झाला. पौषात आठ दिवस परभणीला प्रशिक्षणाला होते, परत येऊन पाहिलं तर वाफा कोरडा ठणठणीत. घाबरून मी एकदम सहा झाऱ्या ओतल्या. तहानलेली गाजरं एवढ्या पाण्यानं उभी तडकली. फाटलेलं गाजर सुगडात चालत नाही. त्या संक्रांतीला सगळ्या गल्लीनं बाजारातून गाजरं आणली. एक बरं गाजर निघालं असं लिहायचा मोह मला दोन दिवस झाला. शेवटी कार्डावर लिहिलं: सगळी फाटली, चूक माझी.

उत्तर मुलाच्या अक्षरात आलं. कार्ड वाचून दाखवल्यावर नाना पोट धरधरून हसले, म्हणाले, "बघ, बाई खरं लिहिते," आणि शेजाऱ्यांना बोलावून ते पुन्हा वाचायला लावलं, असं त्यानं लिहिलं होतं. त्याखाली, दोन ओळी सोडून, त्याच आठवड्यात नाना गेल्याचं लिहिलं होतं.