बोरिंगचं पाणी आणि सर

कॉलेजातले ते सर आमच्याकडे आले की चपला बाहेर काढून उंबऱ्यावरच टेकायचे. आत या म्हटलं तरी यायचे नाहीत. बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी हळूच 'नाही का?' म्हणायचे, जणू आमची परवानगी हवी.

बोईसरच्या कारखान्यांमागे आमच्या भाड्याच्या खोल्या. विद्यापीठाच्या एका प्रकल्पासाठी सरांचे विद्यार्थी आमच्या बोरिंगचं पाणी बाटल्यांत भरून न्यायचे. "तपासणी झाली की विद्यापीठच पंचायतीशी बोलेल. मग तुम्हाला नळ मिळेल, नाही का?" असं सर सांगायचे. आम्ही बायका त्या मुलांना कौतुकाने चहा द्यायचो.

पुढे मुलं यायची थांबली. एका दुपारी सर एकटेच आले. अहवाल जमा झाला होता, प्रकल्प संपला होता आणि पुढचं आपलं काम नाही, असं विद्यापीठाने त्यांना कळवलं होतं. तरी ते दारोदार सांगत फिरत होते, "हे पाणी पिऊ नका."

या वेळी 'नाही का' नव्हतं.

शेजारची म्हातारी मूळची किनाऱ्यावरच्या दांडी गावची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आमी पियाचं काय, सर? दुसरं पाणी हाय कुठं?"

उन्हातून आलेल्या माणसाला द्यावं म्हणून तिने तांब्या पुढे केला. मी म्हटलं, "सर, राहू द्या." त्यांनी म्हातारीकडे पाहिलं, तांब्या घेतला आणि ते शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

ते गेल्यावर मी हंडा घेऊन बोरिंगवर गेले. रांग नेहमीएवढीच होती.