माणूस कुठला मोजायचा?

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही हो. माळ्यावर रिकामे डबे साठतात तसे ते आपोआप साठतात. आमच्या नोकरीत तर फारच! मी बडोद्यात शहराच्या सभेचा रिपोर्टर होतो. रिपोर्टर म्हणजे पेपरवाला नव्हे. नगरसेवक सभागृहात जे बोलतात ते शॉर्टहँडमध्ये उतरवून घेणारा. सभागृहाच्या मधोमध आमचं टेबल, टेबलाशी मी आणि माझे जोडीदार दवेभाई, आणि चारही बाजूंनी भांडणं!

संध्याकाळी घरी आलो की हातपाय धुवायच्या आधी कुमुदला, म्हणजे आमच्या मंडळींना, दिवसाचा किस्सा सांगायचा असा नेम होता. कुमुद गेली आणि किस्से साठायला लागले. भिंतीला सांगून बघितले, ती हसत नाही. आज तुम्ही सापडलात, तर बसा. चहा टाकलाय.

*

आमच्या नोकरीचा पहिला नियम असा की रिपोर्टरने सभागृहात बोलायचं नाही. हसायचं नाही, खोकलाही बेतानेच. विषय संपला की मेयरसाहेब आमच्याकडे बघून विचारत, "बधुं आवी गयुं?" म्हणजे सगळं उतरलं का? आम्ही म्हणायचं, "आवी गयुं, साहेब." आख्ख्या नोकरीत मला तेवढंच एक वाक्य होतं.

एकदा गोरव्याचे सभासद पाण्यावर बोलत होते. बोलता बोलता माझ्याकडे वळले, "बराबर ने, जाधवभाई?" सवयीने माझी मान हलली. झालं! समोरचे सभासद ताडकन उभे. "मेयरसाहेब, रिपोर्टरने पाठिंबा दिला! त्यांची मान रेकॉर्डवर घ्या!" गोरव्याचे म्हणाले, "घ्याच!" तिसरे म्हणाले, "काढून टाका!" बराच वेळ माझ्या मानेवरून खडाजंगी झाली. शेवटी मेयरसाहेबांनी निर्णय दिला, "रिपोर्टरची मान हा कामकाजाचा भाग नाही."

दवेभाईंनी ते इमानेइतबारे लिहून घेतलं. घरी येऊन कुमुदला सांगितलं. ती कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "घरी तरी कुठे आहे!"

*

कुमुद गेल्यावर काही वर्षांनी वॉर्ड नव्याने पाडायचं निघालं. शहर सुटलं होतं चारी दिशांना. गोरव्याला कारखान्यांभोवती वस्ती, तरसालीकडे सोसायटीला लागून सोसायटी, घरोघरी केबल आणि दारात हप्त्यावरची स्कूटर. कुठलीशी तक्रार कोर्टात गेली, आणि कोर्टाने वॉर्ड कसे पाडावेत याच्या मार्गदर्शक सूचना दिल्या. सगळ्या वॉर्डांत माणसं साधारण सारखी असावीत. वॉर्ड सलग असावा. हद्द नदी, रूळ, मोठा रस्ता अशी डोळ्यांना दिसणारी असावी. आणि माणूस जिथे खरोखर राहतो तिथेच मोजावा. साध्या गोष्टी! सभेने यावर फक्त आपलं म्हणणं द्यायचं होतं. त्यावर जे रण माजलं, विचारू नका.

पहिल्याच दिवशी एका सभासदाने मागणी केली की विश्वामित्री हीच हद्द धरा, देवानेच आखलेली रेघ आहे. आता बडोद्यात सगळ्यांना ठाऊक आहे की विश्वामित्रीत मगरी आहेत. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "मगरी कुठल्या वॉर्डात धरायच्या?"

"ज्या काठावर दिसतील त्या वॉर्डात!"

"सकाळी या काठावर, दुपारी त्या काठावर! मग पावसाळ्यात सोसायटीत मगर शिरली की फोन कुणाला करायचा?"

नदीकाठचे दोन्ही सभासद एकदम उभे राहिले. आता हे मगर अंगावर घेणार असं वाटलं. दोघांनी एकमेकांकडे बोट केलं आणि एका सुरात म्हणाले, "यांना!"

*

माणसं सारखी असावीत यावर तर दोन बैठका गेल्या. गोरव्याचे तेच सभासद, माझ्या मानेवाले, म्हणाले, "माझ्या वॉर्डात मोजणीवाले दिवसा येतात तेव्हा अर्धी माणसं पाळीवर. संध्याकाळी येतात तेव्हा उरलेली अर्धी पाळीवर. कागदावर माझा वॉर्ड कायम अर्धाच!"

मेयरसाहेब वैतागून म्हणाले, "मग त्यांना मोजायचं तरी कुठे?"

"कारखान्याच्या फाटकासमोर, चहाच्या लारीवर! पाळी सुटताना आणि भरताना दोन्ही अर्धी तिथे एकत्र सापडतात."

सगळं सभागृह हसलं. मी हसलो नाही, नियम होता. घरी आल्यावर हसावं म्हटलं, तर कुलूप काढेपर्यंत हसू विरून गेलं होतं. एकट्याने हसायला जमत नाही मला.

*

आता माझ्या गल्लीचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

जुन्या शहरातल्या वाडी भागात आमची लहानशी गल्ली. सगळी मराठी घरं, आजे-पणजे संस्थानच्या फौजेतले. पोरं शिकली, कारखान्यांत लागली, आणि एकेक घर उठलं. कुणी तरसालीला ब्लॉक घेतला, कुणी गोरव्याला. वसंता मोहिते माझा लहानपणापासूनचा दोस्त, समोरच्या घरातला. तोही मुलाबरोबर तरसालीला गेला. त्याच्या घरात आता एका व्यापाऱ्याचं कापडाचं गोदाम आहे. गल्लीत संध्याकाळी दिवा लागतो तो माझ्याच घरात.

पण माणसं गेली तरी मतं वाडीतच राहिली! नाव बदलून घ्यायचा कंटाळा, दुसरं काय. कायद्यात ते बसत नव्हतं, पण त्यामुळे मतदानाचा दिवस म्हणजे आमच्या गल्लीचा सण झाला होता. सकाळपासून रिक्षा यायला लागायच्या. सगळे आधी माझ्या ओट्यावर. चहा व्हायचा. बायका थेट स्वयंपाकघरात घुसून माझे डबे उघडून बघायच्या आणि "भाऊजी, या डाळीला जाळं लागलंय!" म्हणून मला झापायच्या. मग सगळ्यांनी मिळून शाळेतल्या बूथवर जायचं. रांगेत पुढे वसंता, मागे मी. हे पहिल्या मतापासून ठरलेलं. का, ते आम्हालाही आठवत नाही. येताना सेवउसळ आणायची, ओट्यावर बसून नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत खायची.

एकदा वसंता शाई लावणाऱ्या बाईंना म्हणाला, "बेन, जरा जास्त लावा."

"का हो काका?"

"सुनेला पुरावा लागतो. ती म्हणते, मी मताच्या नावाखाली उसळ खायला येतो."

बाईंनी भरपूर लावली. घरी गेल्यावर सुनेने आधी बोट पाहिलं, मग शर्ट. शर्टावर उसळीचा रस्सा होता!

*

तर सभेत एक दिवस कोर्टाची शेवटची सूचना चर्चेला आली. माणूस जिथे राहतो तिथेच मोजायचा. तरसालीकडचे सभासद उभे राहिले. चांगला अभ्यासू माणूस. म्हणाले, "वाडीत घरं बंद आहेत, गोदामं झाली आहेत आणि मतं मात्र चालू! ही माणसं पाणी माझ्या वॉर्डात पितात, कचरा माझ्या वॉर्डात टाकतात आणि मत देतात वाडीत. घरोघर जाऊन पाहा. माणूस जिथे झोपतो तिथला!"

खरं तर त्यांचं सगळं बरोबर होतं. पण माझ्या हाताखालून माझाच सण चालला होता, आणि तो मीच उतरवून घेत होतो.

वाडीचे म्हातारे सभासद सावकाश उठले. त्यांनी एवढंच विचारलं, "माणसनी जग्या कई? माणसाची जागा कुठली? तो झोपतो ती, की ज्याच्या ओट्यावर येऊन बसतो ती?"

बाकं वाजली. दोन्ही बाजूंची वाजली. मला वाटलं, जिंकलो! मग मतं घेतली आणि कोर्टाच्या सूचना जशाच्या तशा मान्य झाल्या. बाकं वाजवणाऱ्यांनीही हात वर केले. कोर्टापुढे ओट्याचं काय चालणार!

माझी पेन्सिल थांबली होती. दवेभाईंनी तिरक्या नजरेने पाहिलं आणि काही न विचारता पुढचं स्वतः लिहायला घेतलं. मेयरसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "बधुं आवी गयुं?"

कितीतरी बोलायचं होतं मला. "साहेब, ती माणसं वर्षा-दोन वर्षांनी एकदा माझ्याकडे येतात, तेवढं राहू द्या," असं उभं राहून ओरडावंसं वाटलं.

"आवी गयुं, साहेब," मी म्हणालो.

*

दवेभाई म्हणाले, "जाधवभाई, सभेत नाही बोलता येत, पण नागरिक म्हणून हरकत घेता येते ना!" नव्या वॉर्डांवर हरकती ऐकायला एक अधिकारी आले होते. मी रजा टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि गेलो. तेच सभागृह! पण या वेळी मी माइकसमोर आणि दवेभाई टेबलाशी पेन्सिल घेऊन.

अधिकारी म्हणाले, "बोला काका."

आता काय सांगू तुम्हाला, जन्मभर दुसऱ्याचं बोलणं लिहिलेला माणूस मी! तोंडातून निघालं, "माननीय अध्यक्षश्री, वाडीचे रहिवासी श्री. जाधव यांनी असे निवेदन केले की..." दवेभाईंनी कपाळाला हात लावला.

अधिकाऱ्यांनी नकाशा पाहिला. माणूस सभ्य होता. "काका, तुमची गल्ली तुटत नाहीये. अख्खी एकाच वॉर्डात आहे. मग हरकत काय?"

"गल्ली अख्खी आहे, साहेब. माणसं नाहीत."

"ती कुठे गेली?"

"तरसालीला."

"मग ती तिथे मोजली जातील. बरोबर आहे ना?"

माझी मान हलली. त्यांनी दवेभाईंना सांगितलं, "लिहा, हरकत नाही!"

*

पुढच्या मतदानाच्या दिवशी सवयीने लवकर उठलो. चहाचं मोठं पातेलं काढलं आणि परत ठेवून दिलं. नव्या यादीत आमच्या गल्लीतलं एकच नाव उरलं होतं, माझं. बाकीच्यांना आपापल्या घराजवळ मत मिळालं होतं. सोयच झाली त्यांची. बूथवर गेलो. पुढे कुणी अनोळखी तरुण, मागेही अनोळखीच. शाई लावून घेतली. येताना पाय उसळवाल्याकडे वळले आणि तोंडातून जुनीच ऑर्डर गेली. मोठा स्टीलचा डबा भरून उसळ घेऊन मी रिकाम्या ओट्यावर बसलो. दुपार झाली तरी खावीशी वाटेना. फार एकटं वाटलं त्या दिवशी. कुमुद गेली त्या दिवशीसुद्धा गल्ली भरलेली होती हो.

ऊन उतरायला लागलं आणि गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. वसंता! काठी सावरत आला आणि ओट्यावर बसला. धाप लागली होती.

म्हटलं, "अरे, तुझं मत आता इथे नाही."

"माहितीये. तरसालीला आहे."

"देऊन आलास?"

त्याने बोट पुढे केलं. कोरं! म्हणाला, "सकाळी गेलो होतो रे. रांगेत उभाही राहिलो. मागे वळून पाहिलं तर भलताच कुणीतरी. परत आलो."

"अरे गाढवा, पाचला बंद होतं ना!"

"म्हणून तर रिक्षा थांबवून ठेवलीये. चल ऊठ, दिन्या!"

दाराला कुलूप लावलं, उसळीचा डबा उचलला आणि बसलो रिक्षात. रिक्षावाल्याला वसंता सारखा म्हणत होता, "भगाव भाई, भगाव!" आणि प्रत्येक खड्ड्याला मी डबा छातीशी धरत होतो. तरसालीच्या शाळेत पोचलो तेव्हा फाटक लावायची तयारी चालली होती. धावत, म्हणजे आमच्या वयाला जेवढं जमतं तेवढं धावत, रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिलो. पुढे वसंता, मागे मी.

रांग सरकत सरकत दारापर्यंत आली. दारातल्या पोलिसाने आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्या बोटाकडे.

"काका, तमारुं तो थई गयुं छे! शाई लागलीये तुम्हाला. मग रांगेत का उभे?"

माझी आपली मान हलली. जन्माची सवय.

वसंताने मागे वळूनही पाहिलं नाही. म्हणाला, "एमनी जग्या आ ज छे. त्यांची जागा हीच."