तुतवाराच्या पायातला लाल धागा

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि माझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे चिखलीच्या बाजारात कोणालाही विचारा. वाघाला उपरण्यानं बांधून आणला, विहिरीतली मगर माझ्या मिशीला भ्याली, सगळं सांगून झालंय. एवढं एक राहिलं. पोळा जवळ आला की अजून वाटतं, कोणी विचारलं तर?

महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हाची गोष्ट. पोळ्याच्या सुमारास आमच्या तळ्यावर तुतवार यायचा. मुठीएवढं पाखरू, चिखलात चोच खुपसत सारखं शेपूट हलवणारं. हिवाळाभर राहायचा, उन्हं तापली की उत्तरेला, हिमालयापल्याड. मी पारावर ठोकून दिलं, दरसाल येतो तो हाच, त्याच काठावर. लोक हसले. मग मी फास लावून त्याला धरला, पायात लाल धागा बांधला, सोडून दिला. आणि काय सांगू — पुढच्या पोळ्याला तो आला. धाग्यासकट. त्याच काठावर.

त्या साली तळं काठोकाठ भरलं. पाखरानंच पाऊस आणला म्हणून बायका काठावर हळदकुंकू वाहू लागल्या. पाखरू गावाचा पाहुणा झालं, आणि पाहुण्याचा मालक मी.

तिसऱ्या साली पावसानं ओढ दिली. एका सकाळी मी एकटाच काठावर गेलो. तो आलेला होता. पाण्यावर वाकलेल्या बाभळीच्या काट्यात धागा अडकलेला, आणि तो उलटा लटकलेला, ताठ. गाठ कोणी मारली होती? मीच ना? मी त्याला चिखलात पुरला. हात धुतले, पुन्हा धुतले.

पारावर विचारणा झालीच. "कुठी गेला बे तुहा पाहुणा?"

तळ्यातल्या मासेमारीचा मक्ता किसनचा होता. माझ्या जिभेला खोटं कधी जड गेलंय? "किसनच्या जाळ्यात पाहा," म्हणालो. "भाजून खाल्ला असन त्यानं. म्या पाह्यलं."

वाटलं, नेहमीसारखे हसतील. कोणी हसलं नाही. वाघ खोटा, मगर खोटी, आणि हे मात्र खरं? पाऊस नाही म्हणून चिडलेली माणसं ती. दुसऱ्या दिवशी किसनचं जाळं काढून घेतलं, मक्ता मोडला, तळ्यावर पाय ठेवायचा नाही म्हणून बजावलं.

तेव्हा बोलता आलं असतं. गंमत केली, एवढंच म्हणायचं होतं. पण मग पाखरू कुठे, हे निघालं असतं. धागाही निघाला असता. मी गप्प राहिलो — मी, गप्प.

किसन खामगावच्या जिनिंगात कापसाच्या गाठी उचलायला निघाला, त्या सकाळी माझ्या दारात थांबला. मागे बायको, दोन पोरी. ओट्यावर माझ्याकडे चार माणसं बसलेली.

"दादा," तो म्हणाला, "तुमी सोताच्या डोयानं पाह्यलं काय मले?"

मी ओट्यावरच्या माणसांकडे पाहिलं. "हाव," म्हणालो.

त्यानं ऐकून घेतलं. बायकोच्या डोक्यावरचं गाठोडं जरा सरळ केलं, धाकटीचा हात धरला, आणि निघाला.